खणाखणानं उचललेली घरं

उजनी धरणाच्या फुगवट्यात बुडालेली गावं बघायला दर उन्हाळ्यात माणसं येतात. पळसनाथाचं शिखर, कुगावचा इनामदारांचा वाडा, डिकसळचा जुना रेल्वेपूल यांचे फोटो निघतात, आणि भीमेला वरून पाणी सुटलं की सगळे परततात. बुडालेल्या गावांमधल्या साध्या घरांबद्दल मात्र कुणी विचारत नाही. मी करमाळा तालुक्यातल्या धरणग्रस्त घरातला. जुन्या गावाहून आणलेल्या तुळयांखाली वाढलो आणि पुढं काठच्या गावांमधली जुनी घरं मोजण्याचा, गवंडी-सुतारांबरोबर दुरुस्तीला उभं राहण्याचा नाद लागला. या कामात जे कळत गेलं, ते जुनं घर असलेल्या कुणाच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

१. गाव बुडालं तरी घर बरंचसं वर आलं आहे, ते ओळखायला शिका.

धरणाची पायाभरणी १९६६ सालची, काम पूर्ण झालं १९८० साली. मधल्या वर्षांत करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांमधली नदीकाठची गावं उठली. जमीन उचलून नेता येत नव्हती, पण घर नेता येत होतं. लोकांनी आधी माळवदावरची, म्हणजे सपाट मातीच्या छतावरची, माती खाली ढकलली, मग पाला, किलचन, सर, तुळया, खांब असं उलट्या क्रमानं घर उकललं. दारं-खिडक्या, चौकटी, कडीपाटाच्या फळ्या, जोत्याचे घडीव दगड, जातं, पाटा, उखळ सगळं बैलगाडीवर चढलं. मागं राहिल्या मातीच्या भिंती.

आमच्या माजघरातल्या मधल्या तुळईच्या टोकाला छिन्नीनं मारलेल्या तीन रेघा आहेत. रंगाचे थर खरवडले तेव्हा त्या दिसल्या. समोरच्या खांबाच्या डोक्यावरही तशाच तीन रेघा आहेत. उकलताना कुठला खांब कुठल्या तुळईखालचा हे विसरू नये म्हणून सुताराची ती खूण. शेजारच्या खांबाला मात्र छातीच्या उंचीवर एक रिकामी खाच आहे, तिच्यात आज काहीच बसत नाही. जुन्या घरात तिथं सोप्याचा लाकडी कठडा अडकवलेला होता, असं माझ्या चुलत्यांनी सांगितलं. नव्या घरात सोपाच राहिला नाही.

अशा रिकाम्या खाचा, विटांच्या साध्या भिंतीत बसवलेली जाडजूड गणेशपट्टीची चौकट, खालून कापून आखूड केलेलं दार, उंबऱ्यापेक्षा रुंद पायरी हे दिसलं की समजावं, सामान जुन्या गावचं आहे. पुनर्वसनाच्या गावठाणात फिरताना मी आधी चौकटी बघतो. पत्र्याच्या घराला सागाची कोरीव चौकट असेल, तर त्या घराची गोष्ट तिथूनच सुरू होते.

२. घर आधी खणात मोजा, फुटांत नंतर.

"किती मोठं होतं घर?" असं म्हाताऱ्या माणसांना विचारलं की उत्तर मिळतं, "पाच खणांचं," "अकरा खणांचा सोपा." दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. नकाशा काढायला बसलो तेव्हा पटलं की हाच बरोबर हिशोब आहे. माळवदाचं घर मुळात लाकडाचा सांगाडा आहे. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर सर. छताचा भार हा सांगाडा पेलतो आणि भिंत आडोसा करते. भिंतीची मापं घेऊन काढलेला नकाशा घर नीट दाखवत नाही. खांब कुठं आहेत ते टिपलं की ढेळज, सोपा, माजघर, देवघर आपोआप कागदावर उभे राहतात.

वाटणीही खणांनीच व्हायची आणि धरणानं तिला नवं वळण दिलं. गावं फुटली. केतूर एक नंबर, दोन नंबर झालं. वांगीचे तर चार नंबर झाले. भाऊ ज्या नंबरला गेला तिथं त्याच्या वाट्याचे खण गेले. एका घरात चौकट आणि दुसऱ्या गावातल्या चुलत घरात तिच्या दाराच्या फळ्या, असं मी स्वतः पाहिलेलं आहे. म्हणून एखाद्या वाड्याचा नकाशा पुरा करायचा असेल तर सगळ्या भावकीच्या घरी जावं लागतं. त्यात जुने वाद निघतात, निघू द्यावेत. कुणाच्या वाट्याला काय आलं हे भांडणात जितकं नेमकं सांगितलं जातं, तितकं शांतपणे विचारून कळत नाही.

३. माळवदाची माती कुठून आणायची, हे ज्ञान छतापेक्षा मोठं आहे.

सोलापूर जिल्ह्यात पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणासारखं उतरतं छप्पर इथं लागत नाही. सपाट मातीचं छत चालतं. सोलापूर, धाराशिव, लातूरपासून बीदर, कलबुर्गी, विजयपूरपर्यंत हाच प्रकार आहे. सरांवर किलचन दाटून मांडायचं, त्यावर तरवड किंवा निरगुडीचा पाला, वर चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर खारवट पांढरी माती.

वरची माती कुठलीही चालत नाही. काळी माती उन्हात भेगाळते, मुरमाड मातीतून पाणी झिरपतं. पांढऱ्या, चोपण मातीत सोडियमचं प्रमाण जास्त असतं. ओली झाली की तिचे बारीक कण फुगून पसरतात आणि स्वतःची छिद्रं स्वतःच बुजवतात. पहिल्या सरीनंच वरची कातडी बंद होते आणि पाणी पन्हाळीतून खाली पडतं. शेतकरी ज्या जमिनीला नापीक म्हणून शिव्या देतो, तीच माती छताला सोन्यासारखी. आमच्या भागातल्या बायांना ही माती बोटांत चोळून आणि जिभेला लावून कळायची. मृगाच्या आधी पाट्या भरून ती माळवदावर जायची, पसरायची, चोपली जायची. हे काम बहुतेक बायांचं होतं, आणि जुन्या घरांवरच्या लिखाणात या कामाला एक ओळही मिळत नाही.

नव्या गावठाणात आल्यावर ही साखळी तुटली. जुन्या गावात कुठली पांढरी चांगली हे पिढ्यांना ठाऊक होतं. नवं गाव माळावर, मुरमावर वसलेलं. तिथं आणलेलं लाकूड उभं राहिलं, पण माळवद गळायला लागलं आणि दहा-पंधरा पावसाळ्यांत त्याच्या जागी पत्रा आला. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली दुपारी बसून बघा, म्हणजे काय गेलं ते कळेल.

४. जुन्या घराची माया असावी, पण किल्लारी विसरू नये.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीच्या भूकंपानं लातूर-उस्मानाबादची (आताच्या धाराशिवची) जमीन हलली आणि हजारो माणसं स्वतःच्या घराखाली गेली. धक्का आमच्याकडंही जाणवला. त्यानंतर सोलापूर जिल्ह्यातही माळवदाखाली झोपायला माणसं घाबरू लागली. ती भीती खोटी नव्हती. तरीही नेमकं काय मारक ठरलं हे समजून घ्यायला हवं, नाहीतर आपण एक तर सगळं पाडतो किंवा सगळ्याचे गोडवे गातो.

किल्लारी भागात जड छत आणि कच्ची भिंत यांची गाठ पडली. गळतीवर उपाय म्हणून दरवर्षी नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. फूट-दोन फूट मातीचे थर झाले. हिशोब करून बघा. सहा बाय आठ फुटांच्या एका खणावर फूटभर माती म्हणजे दोन टनांहून अधिक वजन. खाली भिंत कशी? दोन्ही अंगांना दगड रचलेले, मध्ये कपच्या आणि माती भरलेली. बाहेरून ती तीन फुटी भक्कम दिसते, प्रत्यक्षात त्या पाठीला पाठ लावलेल्या दोन पातळ भिंती असतात. हादरा बसला की त्या एकमेकींपासून सुटतात.

त्याच ढिगाऱ्यांत दुसरी गोष्टही दिसली. जिथं लाकडाचा खणांचा सांगाडा धड होता, तिथं भिंती बाहेर पडल्या तरी कित्येक छतं खांबांवर तोलून राहिली, आणि त्याखालची माणसं वाचली. जुन्या सुताराचं हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

म्हणून काठच्या गावात कुणी जुनं माळवद राखायचं म्हटलं की मी चार गोष्टींचा हट्ट धरतो. वरची जादा माती उतरवून वीतभर ठेवा आणि तिच्याखाली जाड प्लास्टिकचा कागद घाला. भिंतीत दर दोन फूट उंचीवर आणि चार फूट अंतरावर आरपार जाणारा लांब दगड किंवा काँक्रीटचा तुकडा बसवा. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरकी लाकडी पट्टी ठोका. आणि किडलेला तळ असलेला खांब रंगवून लपवू नका, तो बदला. यातलं काहीही कठीण नाही, गावच्या गवंड्याला जमतं. एवढं करायची तयारी नसेल तर त्या छताखाली लेकराबाळांना झोपवू नये, हे मी घरमालकाला तोंडावर सांगतो.

५. काय टिकलं ते पाण्याला विचारा.

उजनीची टक्केवारी बाहेरच्या माणसाला कळत नाही. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं साधारण ६३ टीएमसी मृत साठ्यातलं. शून्य टक्के म्हटलं तरी निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असतं आणि त्याखाली गेलं की "मायनस" सुरू होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. अशा वर्षी जुनी गावठाणं उघडी पडतात, गाळपेर होते आणि घरांच्या अभ्यासाला त्याहून चांगली शाळा नसते.

मातीत बांधलेली घरं विरघळून गेली आहेत. राहिलंय ते जोतं, दगडांची ओळ, कुठं आडाचा कठडा, कुठं फुटका रांजण. चुन्यात बांधलेलं मात्र उभं आहे. इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर बघा. भूमिज पद्धतीचं शिखर, आवारात वीरगळ आणि सतीशिळा. देव नव्या गावात गेला, देऊळ पाण्यात राहिलं. कुगावच्या वाड्याच्या भिंती पाण्यात बुडतात आणि निघतात. डिकसळचा पूल १८५८-५९ च्या सुमाराला पुण्याहून सोलापूरकडं लोहमार्ग सरकत होता त्या काळचा. पुढं फुगवट्यामुळं तो मार्गच हलवावा लागला.

हा चुना टिकला त्याचं कारण आपल्याच रानात आहे. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात. त्यांच्यात मातीचा अंश मिसळलेला असतो, त्यामुळं ते भाजून, घाण्यात मळून केलेला चुना ओलीतही घट्ट होत जातो. शुद्ध चुनखडकाच्या चुन्याला हा गुण नसतो. ज्याच्याकडं चुन्याचा घाणा फिरवायची ऐपत होती त्याची भिंत आज दिसते. कुणब्याची, महाराची, कोळ्याची, सुताराची दिसत नाही. पाण्यातून वर आलेलं गाव बघताना हे मनात ठेवावं. आपण गावातल्या थोड्या घरांचंच गाव बघत असतो.

जगातही तेच झालं. इजिप्तमध्ये आस्वानचं मोठं धरण झालं तेव्हा अबू सिंबेलची देवळं कापून वर नेण्यासाठी युनेस्कोनं सारं जग गोळा केलं. नूबियातली मातीची सुंदर घरं मात्र पाण्यात गेली. कोम ओंबोच्या बाजूला सरकारनं दिलेल्या एकसारख्या घरांना नूबियन माणसांनी मग आपल्या हातानं अंगणं, ओटे आणि रंग दिले. आमच्याकडं जुन्या चौकटी बसवल्या गेल्या त्यामागं हीच ओढ होती.

६. घराचा आराखडा पिकानं ठरवलेला असतो.

जुनं घर ज्वारीचं होतं. शाळू निघाला की वर्षाचं धान्य घरातच ठेवायचं, म्हणून भिंतीत बळद, जमिनीत पेव. कडब्यासाठी परसात जागा, बैलांसाठी घरातच गोठा, त्यांच्यावर नजर राहावी म्हणून ढेळजेत पुरुषांचं अंथरूण. जनावरं आणि माणसं एकाच दारानं आत येत, म्हणून दार रुंद आणि त्यात दिंडी. चोराचिलटाचं भय होतं म्हणून भिंतीतून सरकणारा अडसर.

धरण झालं आणि काठावर ऊस आला, केळी आली. कंदरच्या बाजूची केळी आता परदेशात जाते. ऊस घरात साठवत नाहीत, तो थेट कारखान्यावर जातो. बळद रिकामी झाली, मग बुजली, मग नव्या घरात राहिलीच नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आला, त्याला ढेळज नको, मोठं फाटक हवं. काठच्या लोकांनी बांधलेल्या नव्या बंगल्यांना नावं ठेवणारे लेख मला आवडत नाहीत. ज्यांची जमीन गेली त्यांना पाण्यासाठी पाईपलाईन टाकून, कर्ज काढून पुन्हा उभं राहावं लागलं. पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली झाला, म्हणजे धरणाची पायाभरणी होऊन दहा वर्षांनी. त्या माणसांनी सिमेंटचं घर बांधलं तर तो त्यांचा हक्क आहे. फक्त बांधताना जुन्या लाकडाचा सरपणाच्या भावानं सौदा करू नका. शहरातले फर्निचरवाले गावोगाव फिरतात आणि शंभर वर्षांची चौकट पडत्या भावात उचलून नेतात.

७. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका.

याबद्दल फार लिहायची गरज नाही. बारमाही पाण्यामुळं काठच्या जमिनीत ओल वाढली आहे. ती भिंतीत चढते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा तिला बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं. मग लोणा लागतो, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, आतली माती भुसभुशीत होते आणि चौकटीचा तळ कुजतो. शेण-मातीचं पोतेरं किंवा चुना हेच बरं. भिंतीच्या पायथ्याशी पाणी साठू देऊ नये, एवढं पाळलं तरी भिंत कितीतरी वर्षं जास्त जगते.

८. घराची माहिती बायांकडून घ्या.

पुरुषांना विचारलं की घर दरवाजापासून सुरू होतं: किती उंच, किती खिळे, कुणाचा मान. बायांना विचारलं की माजघरापासून सुरू होतं. चूल कुठल्या कोपऱ्यात, धुराला छतात भोक कुठं, बाळंतिणीची खोली कुठली, न्हाणीचं पाणी कुठं जायचं, सासरे ढेळजेत बसलेले असताना सून कुठल्या बोळातून आडावर जायची. घर राहण्यासाठी कसं होतं हे बायांच्या माहितीतून कळतं. माझ्या आजीनं जमिनीवर कोळशानं काढून दाखवलेला नकाशा पुढं चुलत्यांनी दिलेल्या मापांशी ताडून पाहिला. खणांची संख्या आणि दिशा तंतोतंत जुळल्या.

कागदही आहेत. भूसंपादनाच्या निवाड्यात घरांचं मूल्यांकन येतं, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराचा प्रकार लिहिलेला असतो. आपल्या घराची नक्कल मागून घ्यावी. त्यातल्या रकमा वाचून वाईट वाटतं, पण माप आणि साहित्य तिथं नोंदलेलं सापडतं.

९. उघड्या पडलेल्या गावात जाताना जीव आणि दगड दोन्ही जपा.

२१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा जण गेले. काठच्या माणसांसाठी बोट ही रोजची वाट आहे, कारण पलीकडच्या काठाला रस्त्यानं फार मोठा वळसा पडतो. जुनं गाव बघायला येणाऱ्यांना तशी कसली घाई नसते. वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यावर जाऊ नका, लाईफ जॅकेट नसेल तर बोटीत चढू नका. गाळ वरून सुकलेला दिसतो, आत कंबरभर असतो. गाळपेर करणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय पाय टाकू नका. आणि वीरगळ, मूर्ती, घडीव दगड, अगदी फुटकं जातंसुद्धा जागचं हलवू नका. जागेवरून हललेल्या दगडावरून घराचं माप काढता येत नाही. गुप्तधनाच्या नादानं जोती खणणाऱ्यांना गावानं अडवलं पाहिजे.

जुन्या गावात घर उकलताना हाताला हात लावलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. तुमच्या घरी असं कुणी असेल तर या दिवाळीला एक वही घ्या. जुन्या घराचे खण किती, दार कुठल्या दिशेला, लाकूड कशाचं, कुठला खांब कुणाच्या वाट्याला गेला, माती कुठल्या पांढरीतून यायची, एवढं त्यांच्या तोंडून लिहून घ्या. नव्या घरातल्या जुन्या चौकटीचा फोटो काढून त्याच्यामागं जुन्या गावाचं नाव लिहा. वहीची एक प्रत गावातल्या शाळेत ठेवा.